सुंदरीचं बाळंतपण आणि तपासणी खातं

परमेश्वरानं हे जग घडवलं त्या दिवशी आमचे घरमालक अण्णा तपासणी खात्यात असते, तर जग अजून गोदामातच पडून राहिलं असतं. सूर्य त्यांनी परत पाठवला असता, कारण दुपारी तो प्रमाणाबाहेर तापतो. चंद्र तर त्यांनी हातातही घेतला नसता. एवढे खड्डे पडलेला माल कोण उतरवून घेणार? बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं यंत्रांचे सुटे भाग तपासले, आणि निवृत्तीच्या समारंभात मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ तिथल्या तिथे कानाला लावून, "काटा अडकतो आहे," असं सांगून व्यासपीठावरच परत केलं. ही हकिकत मला अक्कांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, हसून हसून डोळे पुसत सांगितली. अण्णा शेजारीच बसले होते. त्यांनी ती नाकारली नाही, फक्त दुरुस्त केली. "अडकत नव्हता," ते म्हणाले, "घासत होता."

मी पुण्याहून बंगळुरूला आले त्याला आता सोळा वर्षं झाली, आणि सोळाही वर्षं मी त्यांच्या माडीवर राहते आहे. त्यांचं घराणं इथे चार पिढ्यांचं. त्यांच्या मराठीत कन्नड इतकं विरघळलेलं आहे की कुठला शब्द कुठल्या घरचा, ते त्यांनाही सांगता येत नाही. मी घर पाहायला आले, तेव्हा माझी अशी समजूत होती की घर मी पसंत करायचं आहे. अण्णांनी मला आत जायला सांगितलं, दार लावायला सांगितलं, उघडायला सांगितलं, पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्या वेळी मला कळलं की तपासणी माझी चालली आहे. "सरी," म्हणजे ठीक, शेवटी ते म्हणाले, "दार हळू लावता. या राहायला."

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात तांबड्या खडूचा एक तुकडा कायम असतो. जे नापसंत, त्यावर फुली. बाजारात ते भोपळ्याच्या बुडाशी बोटानं टिचकी मारतात, कान देतात आणि फुली मारून पुढे जातात. भाजीवाली मागून जे काही बोलते ते कन्नडमध्ये असल्यामुळे पहिली दोन वर्षं मला तो आशीर्वाद वाटायचा. माझ्या प्रेशर कुकरच्या झाकणावर फुली आहे. भाच्याच्या लग्नात ते ज्या खुर्चीवर बसायला नाही म्हणाले तिच्या पाठीवर त्यांनी फुली मारली होती. वराकडचे एक भारदस्त काका हसले, त्याच खुर्चीवर बसले आणि मंगलाष्टकं संपायच्या आत खाली आले.

या खडूपासून एकच गोष्ट सुटलेली होती. अक्कांच्या हातची. अक्कांचं सार एखाद्या दिवशी असं खारट व्हायचं की समुद्रानं शरमावं. अण्णा वाटी संपवायचे, "बरोबर आहे," म्हणायचे आणि तीन पेले पाणी प्यायचे. मला ते फार गोड वाटायचं. आपल्याला असं कुणी "बरोबर आहे" म्हणेल का, असा विचारही मनात येऊन जायचा.

गेल्या डिसेंबरात आमच्या जिन्याखाली सुंदरी व्यायली. सुंदरी ही गल्लीतली कुत्री. हे नाव अक्कांनी दिलेलं. त्याला पुरावा काही नाही. सकाळी दूध घ्यायला खाली उतरले तर अण्णांच्या स्कूटरमागे, उघड्या फरशीवर, पाच पिल्लं. चार अगदी बेकरीतल्या गरम पावासारखी टुमटुमीत आणि पाचवं जेमतेम वांग्याएवढं. आणि बंगळुरूची डिसेंबरातली फरशी! तिच्यावर अनवाणी उभं राहिलं की गार कळ थेट गुडघ्यापर्यंत चढते.

अण्णांनी स्कूटर गल्लीत हाकलून दिली आणि मला जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावायला सांगितला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पहिले काही दिवस पिल्लांना स्वतःची ऊब स्वतः धरता येत नाही, ती आईकडून आणि अंथरुणातूनच मिळाली पाहिजे. गार पडली की ती जातात. अण्णांनी हे सगळं वहीत उतरवून घेतलं आणि शेवटच्या वाक्याखाली रेघ मारली. निवृत्त झाल्यापासून इतकं जबाबदारीचं काम त्यांच्याकडे आलंच नव्हतं.

मग सुरू झाली अंथरुणाची तपासणी. पद्धत अशी, की वस्तू जिन्यापुढे जमिनीवर पसरायची आणि त्यावर अण्णांनी स्वतः कुशीवर निजून, डोळे मिटून, गाल टेकायचा. डोळे मिटून का? "पिल्लांचे उघडलेत का? मग माझे कशाला?" पहिल्याच चाचणीला समोरच्या दुकानदाराला वाटलं की अण्णांना चक्कर आली. तो पाण्याचा पेला घेऊन धावत आला. अण्णांनी निजल्या निजल्या पेला उजेडाकडे धरून पाहिला आणि परत दिला.

वर्तमानपत्र पहिल्या फेरीतच गेलं. अण्णांनी त्यावर तळवा रेटून दाखवला, तो सर्रकन घसरला. "उभं राहायला शिकायचं आहे त्यांना. यावर पाय फाकतील." गोणपाट टोचतं आणि धूळ सोडतं. मी उशीतला कापूस आणला, तर त्यांनी चिमूटभर घेऊन माझ्याकडे फुंकला. मला सटासट तीन शिंका आल्या. "बघ," ते म्हणाले, "तू शिंकलीस. त्यांना तेवढी ताकद नाही. नाकात गेला, संपलं." जाड गादी त्यांनी कोपरानं दाबली. "खोल जाते. आई कुशीवर वळली की पिल्लू खाली अडकणार. बेडा, नको." शेवटी मी मोठ्या मनानं माझा नवा कोरा जाडजूड टॉवेल आणला. अण्णांनी अक्कांचा कंगवा मागवला आणि टॉवेलावरून हलकेच ओढला. कंगव्याचा दात एका फासात अडकला, आणि अण्णांच्या चेहऱ्यावर मुलगी चांगल्या घरी दिल्यासारखं समाधान पसरलं. "हे दात नाहीत, पिल्लांची नखं आहेत असं समज." आणि माझ्या पांढऱ्याशुभ्र टॉवेलावर, मी हां हां म्हणेपर्यंत, तांबडी फुली.

तेवढ्यात अक्का आतून कौदी घेऊन आल्या. आपण गोधडी म्हणतो, त्यांच्या घरी कौदी. जुन्या सुती साड्यांचे थर आणि त्यावर अक्कांच्या हातचे बारीक धावते टाके. अण्णांनी ती पसरली, निजले, गाल टेकला. मग तिच्या कडेनं बोट फिरवू लागले. एका कोपऱ्यात बोट थांबलं. मला दिसलं, तिथे टाका उसवून दोरा वर आला होता. अण्णांचा हात खिशाकडे गेला, तिथे क्षणभर थबकला आणि रिकामा परत आला.

"बरोबर आहे," अण्णा म्हणाले.

दोन दिवस सगळं झकास चाललं. बुटक्या काठाच्या लाकडी खोक्यात कौदी, एका कोपऱ्यात फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची रबरी पिशवी. पिशवी एकाच बाजूला, म्हणजे ज्याला उकडेल त्याला सरकायला जागा. अण्णा तासातासाला मनगट टेकवून ऊब पाहायचे आणि वहीत टिपायचे. सुंदरीनंही एव्हाना त्यांना आपल्या घरातला एक विचित्र पण निरुपद्रवी माणूस म्हणून स्वीकारलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला अक्कांची हाक आली. "पोरी, खाली ये गं!" पन्नाशीला आले तरी मी त्यांची पोरगीच. धावत गेले. चार पावरोट्या आईला चिकटून पीत होत्या. पाचवं, वांगं, खोक्याच्या दुसऱ्या टोकाला कौदीच्या घडीत पडलं होतं. त्या सुटलेल्या दोऱ्याचे दोन वेढे मागच्या पायाला बसले होते, त्यामुळे त्याला आईपर्यंत परत सरकता आलं नव्हतं. अक्कांनी दोरा कापला. पिल्लू हाताला अगदी गार लागत होतं. तोंड मात्र हलत होतं, आवाज न करता.

डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, आधी ऊब, हळूहळू, अंगाची. ऊब आल्याशिवाय दुधाचा थेंब देऊ नका, गार पोटात ते पचत नाही. वाचेल का, या प्रश्नावर त्यांनी, "बघू या," म्हटलं. अशा वेळी गप्प बसावं एवढी अक्कल मला कधीच नसते. अण्णांना धीर द्यावा म्हणून मी म्हणाले, "अण्णा, पहिल्यापासूनच हा नग जरा कमजोर होता."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "नग नाही तो," ते म्हणाले.

मग सदऱ्याची वरची दोन बटणं काढून त्यांनी पिल्लू छातीशी ठेवलं, वरून शाल घेतली आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले. कॉफी आली, निवली, परत गेली.

"अहो," अक्का म्हणाल्या, "तो दोरा सुटलेला तुम्हाला दिसला नव्हता?"

"दिसला होता."

"मग?"

"तुझ्या हातचं होतं."

"अय्यो! माझ्या हातचं म्हणून काय देवानं शिवलंय? एकतीस वर्षं लोकांच्या मालाला फुल्या मारल्यात. आणि घरात? ते सारसुद्धा मुकाट पिता. मला वाटायचं, यांची जीभच गेली!"

"खारट असतं," अण्णा खाली मान घालून म्हणाले.

"कधीपासून?"

"स्वल्प... लग्नापासून."

मला वाटलं, आता घरात महाभारत होणार. पण अक्कांनी नुसता हात पुढे केला. "खडू द्या." अण्णांनी दिला. अक्का खाली वाकल्या आणि आपल्याच कौदीवर, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, त्यांनी अशी फुली ओढली की तेवढी मोठी फुली अण्णांनी उभ्या नोकरीत मारली नसेल. "शिका," त्या म्हणाल्या.

आता अंथरूण कुठून आणायचं? मी माडीवर धावले. बंगळुरूत संगणकाची नोकरी करणारी माणसं गरम कपडे विकत घेत नाहीत. ते कंपनी देते. वाढदिवसाला देते, प्रकल्प संपला की देते, नाही संपला तरी देते. माझ्याकडे फ्लीसची अशी सहा जॅकेटं आहेत. घाईत जे हाताला आलं ते नेमकं सगळ्यांत लाडकं निघालं. पाठीवर चंदेरी अक्षरांत "दहा वर्षांची साथ" भरलेलं. अण्णांचा एक हात शालीत होता. दुसऱ्या हातानं त्यांनी कापड चुरगाळलं, ओढलं, गालाला लावलं, कंगवा फिरवला. दात अडकला नाही. कडेला कात्री मारून पाहिली. एक दोरा सुटला नाही.

"धुतलं की लवकर वाळतं?"

"अर्ध्या तासात."

"पाठीवर हे काय आहे?"

"भरतकाम आहे, अण्णा. माझी दहा वर्षं..."

"दोरा आहे. काप."

"अण्णा, व्हाइस प्रेसिडेंटच्या हातून मिळालंय हो!"

"काप."

अक्कांनीच कापलं. महादेवपुऱ्याच्या वाहतुकीत घालवलेली माझी दहा वर्षं दोन मिनिटांत कचऱ्याच्या टोपलीत गेली. त्यामागून चेन, कॉलर, बाह्या. उरलेलं सपाट कापड त्यांनी खोक्यात ताणून पसरलं आणि कडा फळीखाली घट्ट खोवल्या, की घडी म्हणून पडायला नको.

नऊ वाजले, साडेनऊ वाजले. मी कचेरीत आजारी असल्याचं कळवलं, जे त्या क्षणी फारसं खोटं नव्हतं. दहाच्या सुमाराला अण्णा एकदम दचकले. मग लाजले. अक्षरशः कानापर्यंत लाल झाले.

"काय झालं?" अक्का घाबरून म्हणाल्या.

"हे... हे माझं बनियन चोखतंय."

"मग तुमच्यापाशी काय ठेवलंय? त्याच्या आईकडे द्या!"

सुंदरीनं नव्या अंथरुणाचा वास घेतला, पिल्लाचा घेतला, अण्णांच्या हाताचाही घेतला आणि तिघांनाही एकदम चाटून टाकलं. वांग्यानं दोनदा तोंड चुकवलं, तिसऱ्यांदा पकडलं. अक्का हसत होत्या, मी रडत होते, आणि अण्णा भिंतीचा रंग कुठे उडालाय ते अतिशय बारकाईनं पाहत होते.

पुढे पिल्लांचे डोळे उघडले, दात आले, त्यांनी अण्णांच्या तीन चपला खाल्ल्या. पिल्लं दोन महिन्यांची झाल्यावर घरं शोधली. प्रत्येक घर अण्णांनी जाऊन पाहिलं. महादेवपुऱ्यातली एक चौदाव्या मजल्यावरची सदनिका गच्चीच्या गजांतल्या फटीपायी नापास झाली. तिथल्या माणसांनी जाळी बसवली, फोटो पाठवले, तेव्हा पास झाली. एक पिल्लू शहराच्या टोकाला, बोम्मसंद्र्याला गेलं. प्रत्येकाबरोबर त्या जॅकेटाचा एक तुकडा जायचा, न धुतलेला, आईच्या वासाचा. म्हणजे नव्या जागी पहिले दिवस रडू येणार नाही.

शेवटी राहिलं वांगं. त्याला मागायला मूळचं नागपूरचं, आता बंगळुरूत राहणारं एक तरुण जोडपं आलं. अण्णा त्यांच्या घरी तीनदा जाऊन आले. दारं पाहिली, गच्ची पाहिली, पंख्याच्या तारा पाहिल्या, मुलगा ऑफिसातून किती वाजता येतो ते पाहिलं, मुलगी स्वयंपाकघरात काय गुणगुणते तेही ऐकलं. तिसऱ्या खेपेहून परत आले ते पायरीवरच बसले.

"काय, अण्णा?" मी विचारलं.

"काहीच सापडलं नाही गं," ते म्हणाले.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी ते दोघे पिल्लू घेऊन गेले. सुंदरी गाडीमागे गल्लीच्या तोंडापर्यंत धावली, थोडा वेळ तिथे उभी राहिली आणि परत आली. खोक्यात हुंगलं. मग अण्णांच्या पायांशी आली, त्यांच्या पावलावर हनुवटी टेकून आडवी झाली. आतून अक्कांनी जेवायला हाक मारली. एकदा, दोनदा.

"येतो," अण्णा हळू आवाजात म्हणाले, "आत्ताच डोळा लागलाय हिचा."

आणि पायरीवरचं ऊन सरकून समोरच्या भिंतीवर जाईपर्यंत त्यांनी पाऊल हलवलं नाही.