स्टँडचा दोन बोटांचा तुकडा

सीटवाल्या बाईला अख्खी गल्ली पाठीमागे ‘पडकी’ म्हणते. तोंडावर म्हणायची कुणाची छाती होत नाही, कारण फोम कापायची हातभर लांब सुरी दिवसभर तिच्या हातात असते आणि सुरीपेक्षा जीभ जास्त चालते. हे नाव तिला ठेवलं समोरच्या फॅन्सीने. पंधरा वर्षं झाली त्याला.

तेव्हा ती सीटा शिवत नव्हती. दवाखान्यात नर्स होती. दवाखान्यात बसून राहणारी नव्हे, घरोघर जाऊन इंजेक्शनं देणारी, जखमा धुऊन पट्ट्या बदलणारी. सकाळी आठला स्कूटर काढायची ती दुपारी दोनला परत. बाई ठेंगणी. गाडी थांबली की दोन्ही पायांच्या अंगठ्यांवर उभी राहायची, कोंबडी कुंपणावरून डोकावते तशी. पाठीला औषधांची पिशवी, खाली खडी, अंगठे थरथरायचे. नवरा शिंपी, स्वभावाने गरीब, तो म्हणाला, “समोरच्याला दाखव ना. गाडी खाली बसवून देतो म्हणतो.”

समोरचा म्हणजे स्कुटरी नटवणारा. रंगीत दिवे लाव, रुंद टायर चढव, आरसे काढून त्या जागी डबीएवढे आरसे बसव, हा त्याचा धंदा. दर वाक्यात ‘एकदम फॅन्सी करून देतो’ म्हणायचा, म्हणून फॅन्सी. त्याने बाईच्या गाडीचे मागचे शॉक, म्हणजे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगा, काढले आणि आखूड बसवले. गाडी दोन बोटं खाली आली. बाईचे तळवे जमिनीला टेकले. बाई खूश. तो म्हणाला, “वहिनी, आता महाराणीसारखं बसा.”

आता यातली मेख अशी की गाडी दोन बोटं खाली आणली तर तिचा मधला स्टँडही दोन बोटं कापावा लागतो. नाहीतर वळताना गाडी कलली की स्टँडचा पाय रस्त्याला घासतो, आणि भार असला तर मागचं चाकच उचलून देतो. नवशिक्या मेकॅनिकलाही हे ठाऊक असतं. फॅन्सीला दिवे लावायची घाई होती. तो विसरला.

तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, पाण्याच्या टाकीजवळच्या डाव्या वळणावर बाई आडवी झाली. वेग सायकलीएवढा. समोर ना कुत्रं, ना वाळू, ना तेल. गुडघ्याच्या वाटीचे तीन तुकडे. पट्टी घातली, स्क्रू बसवले, पण पाय अर्ध्यापुढे वाकेनासा झाला.

ती इस्पितळात असताना फॅन्सीने गाडी उचलून आपल्या दुकानात नेली आणि माणुसकी म्हणून फुकट दुरुस्त केली. गल्लीभर त्याचं कौतुक झालं. कौतुक ऐकता ऐकता तो सांगायचा, “बाईला वळताच येत नाही हो. मी करतोय काय? शॉक बसवून देतो, अक्कल कुठून बसवू?” मग हसून, “पडकीच आहे ती.” नाव चिकटलं. दवाखान्यापर्यंत गेलं. डॉक्टरने शिंप्याला बोलावून सांगितलं, पडणाऱ्या बाईला रुग्णांकडे कसं पाठवू? झालं. नोकरी गेली.

कुबडी घेऊन घरी आल्यावर बाईने पहिल्यांदा गाडी स्टँडवर लावली. एका टाचेत चढली. तिला ते खटकलं. पडण्याआधी, शॉक बदलल्यावर, गाडी चढवायला अंगाचा पूर्ण भार टाकावा लागायचा. ती खाली बसू शकत नव्हती, म्हणून जमिनीवर आडवी होऊन तिने स्टँड पाहिला. दोन्ही पाय कापलेले, कापावर ताजा काळा रंग.

ती तशीच कुबडी टेकत समोर गेली. फॅन्सी जेवायला गेला होता. भंगाराच्या डब्यात तिने कोपरापर्यंत हात घातला आणि दोन बोटांएवढे दोन तुकडे शोधून काढले. एक साधा होता. दुसऱ्याचं टोक तिरपं घासलेलं, खाचेत डांबर. तिने तो गल्लीत चार लोकांना दाखवला. फॅन्सी म्हणाला, “वहिनी, भंगारात लोखंड असतं. घरी न्या, वरवंटा करा.” लोक हसले. शिंपीसुद्धा म्हणाला, “सोड गं.”

तिने सोडलं नाही. तो तुकडा तिने खिळ्याला टांगला आणि ठरवलं, की याच्याच तोंडून, याच लोकांसमोर वदवून घ्यायचं: बाई पडली नाही, मी पाडली.

एवढंच हवं होतं तिला. त्यासाठी अकरा वर्षं खर्ची घातली.

नवऱ्याचं मशीन घरात होतंच. रेक्झिन शिवायला ती त्याच्याकडून शिकली. बाकीचं नर्सपणातून आलं. माणूस बसतो तो दोन हाडांवर, हे तिला पुस्तकातून नव्हे, हजार लोकांना इंजेक्शनं देऊन माहीत होतं. तिने फॅन्सीच्या बरोब्बर समोर दुकान थाटलं. एका स्टुलावर पितळी परात, परातीत ओली वाळू. गिऱ्हाइकाने त्यात बसायचं, उठायचं. वाळूत दोन खळगे पडतात, त्यांवर बोट फिरवून ती ठरवायची की फोम कुठे मऊ, कुठे टणक, कंबरेला उशी किती. ठेंगण्या माणसाच्या गाडीला ती शॉकला हातच लावायची नाही. सीटचं नाक दोन्ही बाजूंनी तासून अरुंद करायची. मांड्या आत येतात, पाय आपोआप जमिनीला पोचतात. “एवढंच करायचं होतं माझ्या गाडीला,” ती पहिल्याच गिऱ्हाइकाला म्हणाली, “एक सुरी आणि अर्धा तास.”

आरशात आपला अर्धा खांदा दिसला पाहिजे, ब्रेक दोन बोटांच्या टप्प्यात हवा, कोपर थोडं वाकलेलं राहिलं पाहिजे, हेही ती फुकट बघायची. आणि वाळूत बसलेल्या प्रत्येकाला विचारायची, “किती वेळा पडलात? कशामुळे?” उत्तर खडूने फळीवर लिहायची. कुणी लपवालपवी केली की म्हणायची, “माझ्यासमोर बूड टेकलंयस, आता लाज कसली धरतोस?”

फॅन्सीने खाली बसवलेली गाडी तिच्याकडे आली की तिला आनंदाने भरून यायचं. आखूड शॉक उपटून काढायचे, मूळचे बसवायचे, आणि काढलेले तारेने दुकानाच्या दर्शनी भिंतीवर टांगायचे, तोंड समोर करून. शिकाऱ्याने मुंडकी टांगावीत तसे. सातव्या वर्षी एक ओळ भरली. आठव्या वर्षी तिने दुसरी ओळ सुरू केली. फॅन्सीला दुकान उघडलं की पहिलं दर्शन त्यांचंच.

आणि माळ्यावर, जुन्या चादरीत गुंडाळलेली एक सीट होती. ती फॅन्सीची. तिसऱ्याच वर्षी शिवली होती. त्याने मागितली नव्हती, त्याला माहीतही नव्हतं. तो रोज रस्ता ओलांडून चहाला जायचा. त्याच्या चालण्यावरून बाईने त्याच्या बुडाचं माप डोळ्यांनी घेतलं होतं. वरून मखमलीसारखी सीट, दुहेरी शिलाई. आत पुढच्या बाजूला दोन बोटं उतार, म्हणजे माणूस कायम पुढे घसरणार, आणि माकडहाडाखाली बरोब्बर एक लाकडी पट्टी. शिंप्याला एकदा ती सापडली. तो घाबरला. “अगं, हे काय?” “तुम्ही काजं करा,” ती म्हणाली.

अकराव्या वर्षी फॅन्सीची पाठ गेली. दुसरं काय होणार? आयुष्यभर तो स्वतःच्याच आखूड, दगडासारख्या शॉकवर बसत आला होता. रस्त्यातला प्रत्येक खड्डा थेट माकडहाडात. आधी तो गाडीवर उशी घेऊन बसू लागला, मग उभ्यानेच चहा पिऊ लागला. डॉक्टरने सांगितलं, सीट बदला नाहीतर गाडी विका. स्कुटरी नटवणाऱ्या माणसाने स्वतः पायी फिरायचं म्हणजे दुकानाला टाळंच.

त्याने आपल्या दुकानातल्या मेकॅनिकबरोबर नुसती गाडी पाठवली. बाईने ती दारातूनच परत केली. “सांग भाऊजींना, मला गाडी नको, बूड हवं. मंगळवारी चारला यायचं.”

मग तिने तयार सीटा न्यायला आठ-दहा गिऱ्हाइकांना मंगळवारी चारलाच बोलावलं. त्यात दवाखान्याचा कंपाउंडर होता, आणि ज्यांना तिने तुकडा दाखवला होता त्या चौघांपैकी तिघे. चौथा वारला होता. त्याच्या बायकोला बोलावलं.

मंगळवारी चहावाल्याने आपण होऊन बाक दुकानासमोर आणून ठेवला. फॅन्सी चार वाजता आला, माणसं पाहून उंबऱ्यात थबकला.

“वहिनी, गर्दी आहे. उद्या येतो.”

“उद्या दुकान बंद. बसा भाऊजी.”

“कुठे?”

“वाळूत.”

तो बसला. कण्हतच बसला. बाईने सुरी बाजूला ठेवली, खडू घेतला.

“किती वेळा पडलात?”

“मी? कधीच नाही.”

“बरं. किती लोकांना पाडलंत?”

कंपाउंडर खोकला. फॅन्सी म्हणाला, “हे काय वहिनी, चेष्टा करता. माप घ्या.”

“घेतलं. उठा.” तिने वाळूतल्या खळग्यांवर बोट फिरवलं, मग माळ्यावरून चादर काढली आणि मखमली सीट त्याच्या गाडीवर ठेवली. “तुमच्यासाठी तयारच आहे. फुकट. बसून बघा.”

सीट देखणी होती. फॅन्सीचे डोळे चमकले, अंगभूत खोड. “अरे वा! एकदम फॅन्सी…” म्हणत त्याने टांग टाकली, बूड टेकलं, आणि असा ओरडला की समोरच्या छपरावरचं मांजर उडालं. गाडीवरून उतरायला त्याला दोघांनी धरलं. हाड बरोब्बर पट्टीवर आलं होतं. डोळ्यांनी घेतलेलं माप आठ वर्षांनीही चुकलं नव्हतं. बाईच्या चेहऱ्यावर काय आलं ते पाहून शिंपी मान खाली घालून काज करू लागला.

“वहिनी, हे काय घातलंय आत?”

“लोखंड नाही हो. लाकूड. लोखंड इथे आहे.” तिने खिळ्यावरचा तुकडा काढून त्याच्या हातात दिला. “दोन सीटा आहेत, भाऊजी. ही फुकटची घेऊन जा, किंवा चांगली शिवून घ्या. चांगलीचा भाव हा आहे. हा तुकडा कशाचा ते सांगायचं. मला नाही, यांना.”

“अकरा वर्षं झाली, आता कशाला उगाच…”

“मला रोज होतात.”

तो तुकडा उलटसुलट करत राहिला. मग पुटपुटला.

“ऐकू नाही आलं,” चौथ्याची विधवा म्हणाली. तिलाही फॅन्सीने एकदा गाडी नटवून दिली होती.

“स्टँड कापायचा राहिला होता!” तो ओरडला. “गाडी खाली घेतली, स्टँड तसाच राहिला. वळणावर टेकला. नंतर मी कापला, रंग मारला. झालं समाधान?”

“म्हणजे कोण पडलं?” बाई म्हणाली.

“तुम्ही.”

“कोणी पाडलं?”

त्याने तुकडा परत तिच्यापुढे धरला. पाठीत कळ आली असावी, कारण एकदम भिंत धरून म्हणाला, “मी.”

बाईने फळीवर लिहिलं: एक. कशामुळे: विसरला, मग लपवलं. 

कंपाउंडर उठून म्हणाला, “ताई, डॉक्टरांच्या कानावर घालतो. ते बोलावतील परत.”

“या गुडघ्याने जिने कोण चढणार? राहू दे. त्यांना म्हणावं, तुमच्या नव्या नर्सची गाडी पाठवा. पाय पोचत नाहीत तिचे, बघते मी रोज.”

फॅन्सीची सीट तिने चांगली शिवली. माकडहाडाखाली मोकळी खाच, मागे टेकू, नाक अरुंद. आखूड शॉक काढून मूळचे चढवले, स्टँडही त्या मापाचा बसवला. काढलेले शॉक तिसऱ्या ओळीत पहिल्या खिळ्याला टांगले. तो बसला, आणि कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा ताणलेला नव्हता. त्याला स्वतःलाच ते आवडलं नाही.

“फिटलं ना आता, वहिनी?”

“फिटतंय कसलं? तुमच्या वजनाने फोम वर्षभरात दबतो. दर वर्षी बदलावा लागेल. मंगळवारी, चारला. वाळूत बसायचं, विचारीन त्याचं उत्तर द्यायचं.”

“परत तेच?”

“मोठ्याने.”

चार वर्षं झाली त्याला. दर वर्षी येतो. सीट सोडवत नाही आणि तशी दुसऱ्या कुणाला शिवता येत नाही. चहावाला बाक ठेवतो. उत्तर आता त्याला पाठ झालंय, घाईत म्हणून टाकायला बघतो. बाई थांबवून पुन्हा म्हणायला लावते. शिंपी एकदा म्हणाला, “पुरे की गं. म्हातारा झाला तो.”

तेवढ्यात रस्त्यावरून कुणीतरी नव्या गिऱ्हाइकाला पत्ता सांगत होतं: सीट ना? त्या पडकीकडे जा, समोरच.

बाईने नवऱ्याकडे पाहिलं, तुकडा खिळ्याला नीट टांगला आणि सुरीला धार लावायला घेतली.