नलूताईंचं शेगडीवरचं लेक्चर

आमचं बाळ शेगडीमुळे गेलं की मी उघडलेल्या खिडकीमुळे, हे मला अजून माहीत नाही.

आज सकाळी ठाण्यात नलूताई गेल्या. नव्वदी ओलांडली होती.

त्यांच्या भाचीचा फोन आल्यापासून मी ही पोस्ट लिहितेय आणि डिलीट करतेय. आभार मानायचेत की भांडायचंय, तेच कळत नाहीये.

पंचावन्न-छप्पन साल असेल. डोंबिवलीत आम्ही बैठ्या चाळीत राहायचो. नलूताई शेजारच्या. बी.एस्सी. झालेल्या, शाळेत शिकवायच्या.

रविवारी दुपारी त्यांच्या पडवीत बायका जमायच्या. कोणी तांदूळ निवडतेय, कोणी वाती वळतेय.
आणि ताई सांगतायत. विहिरीचं पाणी का उकळायचं. स्टोव्ह काजळी का धरतो. कोळसा कमी कसा जाळायचा.

आम्ही त्याला लेक्चर म्हणायचो. त्या म्हणायच्या, "गप्पा आहेत गं नुसत्या."

एका रविवारी शेगडीचा विषय निघाला.
"बंद खोलीत कोळसा धुमसला की एक वायू सुटतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, माणूस झोपतो तो उठतच नाही. असं काही वाटलं की आधी खिडकी उघडा."

मी बारा वर्षांची. अगदी कान देऊन ऐकलेलं.

आई तेव्हा बाळंतीण होती. मुलगा झालेला. बाळंतपण करायला कल्याणहून आत्या आली होती. थंडीचे दिवस, म्हणून खोलीत शेगडी आणि खिडकीच्या फटींत चिंध्या.

त्याच आठवड्यात एकदा शाळेतून आले तर आई म्हणाली, "मंदे, डोकं फुटतंय गं."
जीभ जड झालेली. उलटी झालेली. सहा दिवसांचं बाळ दूध ओढत नव्हतं. आत्या विहिरीवर गेली होती.

मी चिंध्या उपसल्या. खिडकी उघडली, दार सताड उघडलं, शेगडी बाहेर ओढली. हात चांगलाच भाजला.

संध्याकाळपर्यंत आई उठून बसली.
बाळ मात्र खोकायला लागलं.
चौथ्या दिवशी गेलं. बारसंही झालं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, छाती भरली.
आत्या म्हणाली, "गार वारा लागला. हिने खिडकी उघडली ना."
आई काहीच म्हणाली नाही.

मी नलूताईंकडे गेले. "ताई, माझ्यामुळे गेलं का हो?"

त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही, मंदा. शेगडी तशीच राहिली असती तर कदाचित दोघंही गेली असती. कदाचित नसतीही."

मला भयंकर राग आला. सगळं माहीत असलेल्या बाईने असं म्हणायचं?

पुढच्या रविवारी सगळ्या बायकांसमोर त्या म्हणाल्या, "मागे मी अर्धंच सांगितलं. खिडकी उघडा म्हटलं. पण लहान बाळाला नीट गुंडाळून अंगाशी धरा, हे सांगायचं राहिलं. चूक माझी आहे."

आत्या तिथेच बसली होती. खाली मान घालून ऐकत होती.

दोन वर्षांनी धाकटा भाऊ झाला. आत्याने शेगडी खोलीत येऊच दिली नाही. खिडकी किलकिली ठेवायची आणि बाळाला गोधडीत गुंडाळून पोटाशी धरून बसायची.
तो भाऊ आता कळव्याला असतो. आजोबा झालाय.

म्हणजे सगळं ठीक झालं म्हणायचं का? मला तसंही म्हणवत नाही.

गेल्या वर्षी ताईंना भेटायला गेलेले. ऐकू कमी यायचं. मधेच त्यांनी विचारलं, "आईने तुला कधी बोल लावला?"

"नाही."

"मलाही नाही. मी कितीतरी वर्षं वाट बघितली, एकदा तरी बोल लावेल म्हणून."

मला आयुष्यभर वाटत होतं, हे ओझं माझं एकटीचं आहे.

ताई, राग गेला की नाही, खरंच सांगता येत नाही. पण सकाळपासून डोळ्यांतलं पाणी थांबत नाहीये.

तुम्हाला मनापासून नमस्कार.
— मंदा