नारळ आधी फोडला, मशीन नंतर चालवलं

आमच्यात नवी वस्तू आली की आधी पूजा, मग वापर. ऐंशीच्या आसपास ह्यांनी कंपनीतली नोकरी सोडली आणि सातपूरला पत्र्याच्या गाळ्यात स्वतःचं लेथ मशीन आणलं. वीज जोडायच्या आधीच मी त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. ह्यांनी पेंटर बोलावून त्यावर लाल रंगात ‘मातृकृपा’ लिहून घेतलं. दुकानदार स्वतः हजर होता. पेढे खाल्ले मेल्याने, वर “वहिनी, भरभराट होणार बघा!” म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मशीन सुरू केलं तर सरळ कापेचना. लोखंडी दांडा एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक. झिजलेलं जुनं मशीन रंग फासून नवं म्हणून आमच्या गळ्यात मारलं होतं. हे तडक दुकानात गेले. तो म्हणाला, “आता परत कसं घेऊ? तुम्ही नाव घातलंत त्यावर. माल स्वीकारलात.”

मला वाटलं, उडवाउडवी करतोय. पण वकिलानेही मालविक्रीचा कायदाच काढला. माल आपलाच झाला असं समजून घेणाऱ्याने त्याचं काही केलं, तर त्याने तो स्वीकारला असं धरतात म्हणे.

“पूजा नंतर करायची, आधी चालवून बघायचं. आता भरपाईचा दावा लावू, पण वर्षं जातील,” वकील म्हणाला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “आणि पेढे खाताना त्याला कायदा ठाऊक नव्हता होय?” मी विचारलं. हे मलाच गप्प करायला लागले.

वर्षं थांबायची ऐपत नव्हती. शेवटी गाळा सोडायचं ठरवलं. हे दुसऱ्याच्या कारखान्यात शिफ्टला जाऊ लागले आणि मशीन विकायला काढलं. पिंपळगावचा एक जण बघायला आला. त्याला स्वतःचं वर्कशॉप टाकायचं होतं.

“दिसायला तर लय भारी हाय. उद्या टेम्पो घेऊन येतो,” तो म्हणाला. त्याने काहीच विचारलं नाही. घेणाऱ्याने बघून घ्यावं, हाही कायदाच. एकदाचा तो आमच्या बाजूने होता.

“थांबा, आधी चालवून बघा,” हे म्हणाले आणि स्वतःच बटण दाबलं.

कापलेला दांडा बघून तो माणूस गेला. मशीन भंगारात गेलं. मी ह्यांना वाट्टेल ते बोलले. असला साधेपणा काय चाटायचाय?

“विकलं असतं, तर त्याची बायको आज तुझ्यासारखीच कुणाच्या तरी नावाने बोटं मोडत बसली असती,” हे म्हणाले.

पण माझा राग गेला नाही. अजूनही नाही.