गळकी भिंत

भाचीच्या प्रयोगशाळेत काल पहिल्यांदाच गेलो. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची भिंत तिने मूळ पेशींपासून छोट्या छोट्या डब्यांत वाढवली आहे. रक्तातलं भलतंसलतं मेंदूत शिरू न देणारी भिंत. कुठलं औषध तिच्या पार जातं, ते आधी इथे तपासायचं. तिने भिंतीच्या वरच्या कप्प्यात रंग सोडला, तासाभराने खालचं पाणी पाहिलं आणि हरखून म्हणाली, "मामा, बघ, थेंबभरही उतरला नाही! अगदी खऱ्यासारखी जमली."

खरी माझ्या चांगल्या ओळखीची आहे. माझ्या बायकोच्या, शोभाच्या मेंदूत गाठ निघाली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "औषध चांगलं आहे हो, पण ते मेंदूपर्यंत पोचतच नाही." त्या औषधाने तिचे केस गेले, तोंडाची चव गेली, नखं काळी पडली. सगळीकडे पोचलं, फक्त तिथे सोडून. काय तो इमानी पहारा! चोर आत निवांत जेवतोय आणि हा दारात पोलिसालाच अडवतोय. नेमून दिलेलं काम चोख करणाऱ्यांना घरातलं माणूस जगलं की गेलं, याच्याशी काही देणंघेणं नसतं.

शेजारच्या डबीत मात्र रंग खाली उतरला होता.

"ही गळकी निघाली," म्हणत भाचीने ती कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकून दिली.

शोभासाठी आठ महिने मी देवाकडे तेवढंच मागत होतो.