मी उचललेली कोळंबी

बाजारातून चांगली कोळंबी आणणं मला आजवर जमलेलं नाही. गुरुग्रामच्या घरी पिशवी उघडली की बायको एकेक कोळंबी शेपटीला धरून उचलते. "ही तुम्हाला बघूनच गेली का हो?"

तिच्या धाकट्या भावाचं आणि माझं त्याहून वाईट. नोएडातली आयटीची नोकरी सोडून त्यानं हरियाणातल्या खारट जमिनीत कोळंबीचं तळं काढलं, तेव्हा मी त्याला येडा म्हणालो होतो. तेव्हापासून तो माझ्याशी कामापुरतंच बोलतो, आणि माझ्याकडे त्याचं काम नसतं.

त्या रविवारी आम्ही त्याच्या तळ्यावर गेलो, कारण शेजारच्या तळ्यातली कोळंबी पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगानं सगळीच्या सगळी मेली होती. हा रोग माणसाला होत नाही, पण दोन-चार दिवसांत तळं रिकामं करतो. लॅबचा रिपोर्ट यायला तेवढाच वेळ लागतो, म्हणून त्यानं स्वस्तातल्या पट्ट्या मागवल्या होत्या. कोळंबीचा तुकडा औषधाच्या पाण्यात कुटायचा, थेंब पट्टीवर टाकायचे, पंधरा मिनिटं थांबायचं. दोन रेघा आल्या तर रोग. करोनानंतर हे कुणाला शिकवावं लागत नाही.

"ताई, निवड तूच," तो म्हणाला. बायकोनं बाजारातल्या सवयीनं जाळ्यातल्या चकचकीत, उड्या मारणाऱ्या कोळंब्या काढल्या. रेघ एकच आली. तो पहिल्यांदा हसला. "चलो, अजून महिनाभर वाढवू."

मी तोवर काठाशी उकिडवा बसलो होतो. तिथं एक मरगळलेली कोळंबी गोल गोल फिरत होती. हात घातला, तर पळालीसुद्धा नाही.

"बघा, इथंही नेमकी हीच उचलली," बायको म्हणाली.

"हिचीही टेस्ट कर की."

"दाजी, पट्ट्या फुकट येत नाहीत. ताईनं निवडल्यात ना?"

"ताईनं खायला निवडल्यात. आजारी माणूस शोधायला तू जिममध्ये जाशील का?"

तो तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला. मी स्वतःच पट्टीचं पाकीट फोडलं आणि तिचा तुकडा कुटला. पंधरा मिनिटं तिघंही पट्टीवर वाकून बसलो. मग दुसरी रेघ उमटली, अगदी स्वच्छ.

"पनौती आहात तुम्ही, दाजी," तो म्हणाला आणि त्यानं व्यापाऱ्याला फोन लावला.

संध्याकाळपर्यंत तळं उपसून झालं. माल लहान होता, भाव पडला, पण विकला गेला. शेजाऱ्याला तेवढंही मिळालं नव्हतं. हे मी बोलून दाखवलं नाही. बायकोनं डोळे वटारले होते.

आता त्याच्या तळ्यात नवी पिल्लं आहेत. टेस्टच्या आदल्या दिवशी तो फोन करतो, बायकोलाच. स्पीकरवर मला ऐकू येतं, "ताई, दाजींना घेऊन ये. बोलायला नको. फक्त उचलायला."