गाडीकडं तोंड केलेली कोपी

मागच्या भादव्यात आमच्या घराची मागची भिंत पडली. सकाळची वेळ, मी चुलीपुढं भाकरी करायले होते. आधी थोडी माती सुटली, मग सगळीच भिंत बसली आणि वरचं माळवद एका अंगाला कललं. कुणाला लागलं न्हाई, एवढंच बरं. घर फिरलं की घराचे वासे फिरतात म्हणतात, आमचे तर मोडूनच पडले. मी तव्यावरची भाकरी काढली, चूल विझवली आणि बाहीर येऊन बसले. रडू आलं न्हाई. नुस्ता कंटाळा आला. आता हे बी आपल्यालाच उभं करायचं, एवढंच डोक्यात आलं.

त्याच आठवड्यात इहिणीचा फोन आला. देवगाव फाट्याच्या पलीकडं लेक दिली हाय, तिला आठवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरीच, ही आपली रीत. इहीण चांगलीच बाई हाय, चांगल्या मनानं म्हणली की भिंत पडल्याचं कळालं, पोरीला हितंच ठिवतो, आमचं स्लॅबचं घर हाय. मी फट्‌दिशी म्हणून बसले, नगं, आमची सोय झालीया, आठ दिवसांनी आणून सोडा. कसली सोय अन् काय! दोघं नवरा-बायको बुद्धविहाराच्या पडवीत पडत होतो. गावानं जागा दिली होती, पण पावसाळ्यातल्या वर्षावासाचं ग्रंथवाचन चालू, रोज संध्याकाळी माणसं यायची. तिथं गरवार बाईला कुठं निजवायचं?

पण लेकीला माहेरपण द्यायचंच, हे मी लय आधी ठरवलं होतं. ती स्वतः कोपीत, ऊसतोडीच्या पाचटाच्या झोपडीत जन्मली, परक्या मुलखात, दुसऱ्याच्या उसाच्या कडंला. मला माहेरी कोण नेणार? माझी आईच त्या साली दुसऱ्या कारखान्याच्या फडात ऊस तोडत होती. सातव्या दिवशी मी परत मोळ्या बांधायला उभी राहिले. मोळी उचलताना डोळ्यापुढं अंधारी यायची. तवाच मनाशी म्हणलं होतं, हिचं आसं होऊ द्यायचं न्हाई.

मग आमी अंगणात कोपी घालायला घेतली. आमच्या मालकाला आणि मला त्यात काय नवं? वीस-बावीस साल ऊस तोडला, फडावर उतरलं की बैल सोडायच्या आधी कोपी उभी करायची सवय. मालकांनी खांबाला बाभळीच्या मेढी आणल्या, मी सरपणाच्या पऱ्हाट्या उपसून भिंतीला कूड विणला, आबांच्या शेतातलं उसाचं वाळलेलं पाचट डोक्यावर आणलं. आबा म्हंजी आमच्या शेजारच्या गल्लीतले म्हातारे शेतकरी. काम करताना आमी एकमेकांशी बोललोसुदिक न्हाई. हातच काम करायले होते. दुपारी कोपी उभी. लोकं म्हणली, वा, लवकर झालं की. मी बी जरा फुगले.

दुसऱ्या दिवशी झड लागली. आधी एका कोपऱ्यात गळायला लागलं, मग मधी, मग कुठं न्हाई ते विचारा. परात, तांब्या, घमेलं, सगळं मांडून झालं. वर टाकलेलं मेणकापड वाऱ्यानं फाटून फडफडायलं. आणि दारातून तर पाऊस सरळ आत, जसा काय त्याला आवतण दिलं होतं. मालक डोक्यावर टावेल घेऊन बसलेले. मी चिडले, म्हणलं, एवढ्या कोप्या घातल्या, माणसाला अक्कल येत न्हाई का. ते म्हणले, तू बी होतीस की.

पाऊस जरा थांबल्यावर आबा बघायला आले. भोवतीनं एक चक्कर मारली, कुडाला हात लावला, वर बघितलं आणि हसले.

“बाई, ही थंडीची कोपी हाय. पावसाची न्हाई.”

खरंच होतं. दिवाळीनंतर जायचं आणि उन्हाळ्यात परत यायचं, पावसाळा आमी कोपीत कधी काढलाच न्हाई. कोपी बुटकी, छपराला उतार नावापुरता, म्हंजी वारं लागत न्हाई आणि आत ऊब राहती. पाचट वर कसंबी रचलं तरी दवापुरतं भागतं. तसंच आमी हितं केलं. आणि दार? दार आबांनी नुस्तं बोटानं दाखवलं. आमी ते रस्त्याकडं केलं होतं, चिंचेच्या बाजूला, जिथं आधी आमची बैलगाडी उभी राहायची. फडावर कोपीचं तोंड गाडीकडं ठिवतात, पडल्यापडल्या बैल दिसावेत म्हणून. आमचे बैल विकून तीन साल झाले. गाडी न्हाई, काय न्हाई. तरी दोघांनी न बोलता तिकडंच दार केलं, आणि पाऊस बी तिकडूनच येतो. आबा म्हणले, पावसाला काय टोळीचा मुकादम समजले का, समोर बसवून ठिवायला. मला हसू बी आलं आणि स्वतःची लाज बी वाटली.

सगळं उपसलं. लेक यायला पाच दिवस राहिले होते. आबांनी सांगितलं तसं आढं पुरुषभर उंच घेतलं आणि दोन्ही अंगानं पडता उतार दिला. पाचट सडकं निघालं, म्हणून नदीच्या काठचं लांब गवत कापून आणलं. ते खालून वर लावत जायचं, वरच्या थरानं खालच्याला झाकायचं, म्हंजी पाणी थराथरावरून घसरून जातं. आत मुरूम टाकून जमीन उंच केली, भोवती चर खणला. दार उगवतीला फिरवलं. सांगायला सोपं हाय. गवतानं हात चिरले, मान आखडली, चिखलात पाय उचलंना. चौथ्या दिवशी मी लय बेजार झाले. भारा टाकला आणि फोन हातात घेतला, इहिणीला सांगावं, ठिवा तुमच्याकडंच. नंबर लावला न्हाई. सुंभ जळतो पण पीळ जात न्हाई, त्यातली गत. पोरीसाठी का माझ्या हट्टासाठी, ते त्या टायमाला मला बी कळत नव्हतं.

पाचव्या दिवशी पावसातच जावयानं रिक्षातून लेकीला आणलं. ती दाराशी थांबली. तिला कोपीचा राग हाय, हे मला ठावं होतं. पाचवीपर्यंत आमच्यासंगं फडोफडी हिंडली, साळा बुडवली, मग एक दिवस म्हणली, मी येत न्हाई. वसतिगृहात राहिली, सुट्टीत बी फडावर आली न्हाई. त्यानंतर तिनं कोपीत पाऊल टाकलं न्हाई. जावई हळूच म्हणला, रिक्षा उभी हाय, परत जायचं तर आत्ताच जाऊ. मी म्हणलं, बाई, तुझ्या मनाला नगं वाटत आसंल तर जा, मला काय वाटायचं न्हाई. साफ खोटं होतं ते.

ती आत आली. उभीच्या उभी आली, वाकावं लागलं न्हाई. खाली हात लावून बघितला. जमीन कोरडी होती. मग दाराकडं बघत राहिली.

“आई, दार गाडीकडं न्हाई केलं?”

मी म्हणलं, न्हाई बाई, आता कुठं जायचं न्हाई.

ती माझ्या वाकळीवर बसली, पाय लांब केले आणि जावयाला म्हणली, पिशवी आणा आत. मग मला रडू आलं, भिंत पडली तवा आलं नव्हतं ते सगळं. किती कोप्या घातल्या असतील मी, पण त्यात आपल्या मर्जीनं राहायला आलेलं माणूस, ती पहिलीच.