छतावरचं रांगोळीचं घर

दुर्गाघाटाच्या गल्लीत मी स्टुडिओची पाटी लावली, तेव्हा सुरुवातीला लोक झेरॉक्स काढायला येत. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडिलांनी जन्मभर यात्रेकरूंचा स्वयंपाक केला, त्या कष्टांवर मी आर्किटेक्ट झालो. लखनौची नोकरी सोडून परत आलो, तेव्हा आईला शब्द दिला होता: होळीपर्यंत एकही काम मिळालं नाही, तर पुन्हा लखनौला जाईन.

होळी जवळ आली आणि काम अगदी दारात येऊन अडलं. शेजारच्या गुरुजींना तळमजला नवा करून घ्यायचा होता, मागे स्वतःचं घर आणि पुढे यात्रेकरूंसाठी खोल्या. गुरुजी तयार होते, काकू नव्हत्या.

"बाबू, हे नक्शे मला समजत नाहीत," त्या म्हणाल्या. "रेघा दिसतात, घर कुठं दिसतं? ते दिसल्याशिवाय मी हो म्हणणार नाही."

हिरमुसून घरी आलो. आई दारात रांगोळी घालत होती. बघता बघता मला एकदम सुचलं! गुरुजींचं छत खालच्या मजल्याएवढंच तर आहे. नकाशा तिथंच खऱ्या मापात काढला तर?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेप घेऊन छतावर, आणि रांगोळीचा डबा घेऊन आई.

"एवढा शिकलास, आणि शेवटी रांगोळीच!" ती हसत म्हणाली. पण रेघ माझ्यापेक्षा तीच सरळ ओढत होती.

माकडं हाकलायची काठी घेऊन काकू वर आल्या, मागोमाग गुरुजी. मी काकूंना रांगोळीनं आखलेल्या न्हाणीत उभं केलं. "इथून या बोळातून स्वयंपाकघरात जायचं." त्या निघाल्या आणि मध्येच थांबल्या.

"हे यात्रेकरूंचं दार ना?"

"हो."

"मी अंघोळ करून सोवळ्यात निघाले, आणि तो इथं दात घासत उभा असला तर? त्याचा धक्का लागला की पुन्हा अंघोळ. दिवसभर अंघोळीच करू का?"

कागदावर हे मला दिसलंच नव्हतं. मी पायानं रेघ पुसली. न्हाणीचं दार थेट स्वयंपाकघरात उघडलं. आईनं लगेच नवी रेघ ओढली. काकू पुन्हा निघाल्या, या वेळी हातात पाण्याचा तांब्या असल्यासारख्या, जपून.

"ओटा इथं नको. पाठीमागून उजेड आला तर भाजीवर माझीच सावली पडेल."

तोही पुसला. मला इतका आनंद कागदावर काम करताना कधी झाला नव्हता! ऊन तापेपर्यंत आम्ही पुसत होतो, काढत होतो. घर माझ्या नकाशापेक्षा कितीतरी चांगलं झालं होतं. तरी काकू 'हो' म्हणाल्या नव्हत्या.

तेवढ्यात कठड्यावर ठेवलेला गुरुजींचा फोन वाजला. ते रांगोळी ओलांडून सरळ तिकडे निघाले.

"अहो!" काकू ओरडल्या. "भिंतीतून कुठं चाललात? दारातून जा!"

गुरुजींचा एक पाय हवेतच राहिला. मग ते मुकाट्यानं मागे फिरले, वळसा घालून दारातून गेले. फोन वाजायचा थांबला होता. आई पदर तोंडाला लावून हसत होती.

"काकू, ओटा किती उंच ठेवू?" मी विचारलं.

त्यांनी कमरेशी हात धरून दाखवला. मी टेप उघडला.